कुरकुर आणि कागद

सकाळी नळाला पाणी आले नाही म्हणजे चाळीतला माणूस कुरकुरतो. साडेआठची एस. टी. साडेनऊपर्यंत आली नाही म्हणजे फाट्यावर उभा असलेला शेतकरी कुरकुरतो. रास्त भाव दुकानातले यंत्र म्हातारीचा झिजलेला अंगठा ओळखीत नाही, तेव्हा ती बिचारी स्वतःच्या नशिबालाच बोल लावते. साहेब मीटिंगमध्ये आहेत, सर्व्हर बंद आहे, फाइल वर गेली आहे, उद्या या : ही वाक्ये ऐकून ऐकून आपल्या समाजाला अशी पाठ झाली आहेत की, ती कानी पडली नाहीत तर आपण चुकीच्या कचेरीत आलो की काय, अशी शंका यावी. दिवसभर माणूस हे सोसतो आणि संध्याकाळी पारावर, पानपट्टीवर किंवा लोकलच्या डब्यात आपला संताप ओकून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या रोजच्या कुरकुरीकडे राजकारणातील शहाणी माणसे तुच्छतेने पाहतात. स्पष्ट बोलायचे तर आपल्यातल्या पुष्कळांनाही ती क्षुद्रच वाटते. भांडवलशाही आणि जातिव्यवस्था यांवर तासभर तळमळीने बोलणारा आपला एखादा साथी गल्लीतल्या गटाराची तक्रार कानावर आली की पाच मिनिटांत जांभई देऊ लागतो. गटार हा नगरसेवकाचा विषय, क्रांती हा आपला, अशी एक वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची तर आहेच, शिवाय ती आपल्याच इतिहासाशी विसंगत आहे.

मृणाल गोरे यांना मुंबईने ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले, ते काही त्यांच्या समाजवादावरील व्याख्यानांमुळे नव्हे. गोरेगावच्या रिकाम्या हंड्यांनी त्यांना राजकारणात उभे केले आणि त्या हंड्यांचा प्रश्न त्यांनी महापालिकेपासून संसदेपर्यंत नेला. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली, तेव्हा मृणालताईंबरोबर अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया एकत्र आल्या. त्यांचा जाहीरनामा म्हणजे स्वयंपाकघरातले लाटणे. तेल मिळत नाही, रॉकेल मिळत नाही, साखर मिळत नाही, ही घराघरांतली कुरकुर होती. तिला रस्त्यावर आणून मंत्र्यांना जाब विचारता आला, कारण त्या बायकांनी आपले दुःख क्षुद्र मानले नाही.

मात्र त्या काळात आणि आजच्या काळात एक महत्त्वाचा फरक पडला आहे. दुकानात रॉकेल नाही हे तेव्हा डोळ्यांना दिसत होते आणि कोणाच्या दारावर मोर्चा न्यायचा हेही ठाऊक होते. आज त्रास दिसतो, परंतु त्रास देणारा दिसत नाही. पाणी का आले नाही? पालिका म्हणते, ठेकेदार; ठेकेदार म्हणतो, वीज कंपनी; वीज कंपनी म्हणते, थकबाकी. रस्ता कोणाचा? बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा, की कुठल्या प्राधिकरणाचा? मुंबई आणि पुणे या शहरांत मार्च २०२२ मध्ये महापालिकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासकांनी कारभार केला आणि ज्याची गचांडी धरावी असा नगरसेवकही नागरिकाला उरला नाही. जबाबदारीची अशी शकले करून ती निरनिराळ्या कपाटांत ठेवून दिली, की मागे केवळ कुरकुर शिल्लक राहते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की सामान्य माणसाचा रोजचा त्रास आणि सरकारची गुप्तता हे दोन प्रश्न नाहीत. तो एकच प्रश्न आहे. कागद दडलेला आहे म्हणून त्रास टिकून आहे.

हे केवळ तत्त्वज्ञान नव्हे. आमच्या कार्यालयासमोरच्या रस्त्याचेच उदाहरण देतो. एका पावसाळ्यात त्याची चाळण झाली. दोन दुचाकीस्वार पडले, शाळेच्या रिक्षाचे चाक निखळले. रीतसर तक्रार नोंदवली. आठवड्याने भ्रमणध्वनीवर संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खड्डा जागच्या जागी होता. निकाली निघाली होती ती तक्रार. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले, की माहिती विस्तृत असल्याने कार्यालयात येऊन अभिलेख पाहावा. पहिल्या खेपेला संबंधित लिपिक रजेवर, दुसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. तिसऱ्या खेपेला फाइल पुढ्यात आली.

त्या फाइलमध्ये काय होते? कार्यादेशाची प्रत होती आणि तीत तीन वर्षांच्या दोष दायित्व कालावधीचे कलम होते. म्हणजे रस्ता केल्यापासून तीन वर्षांत तो उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा. ती मुदत संपली नव्हती. तरीही त्याच तुकड्याच्या दुरुस्तीचे नवे अंदाजपत्रक तयार होऊन मंजुरीच्या वाटेवर होते! ज्या कामाचे पैसे जनतेने एकदा मोजले होते, त्याचेच पैसे ती दुसऱ्यांदा मोजणार होती आणि मधल्या काळात खड्ड्यात पडणारही तीच होती. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे. आम्ही त्या कलमाची प्रत मोठ्या अक्षरांत लिहून कोपऱ्यावरच्या फलकावर लावली. लोक थांबून वाचू लागले. शेजारचा किराणा दुकानदार म्हणाला, “साहेब, हे आधी कळलं असतं तर आम्हीच जाऊन विचारलं असतं की!” आठ दिवसांत ठेकेदाराची माणसे डांबर घेऊन आली. अंदाजपत्रकाचे पुढे काय झाले, ते आम्ही अद्याप विचारतोच आहोत.

त्या दुकानदाराच्या उद्गारात सगळा मुद्दा आला आहे. तो भित्रा नव्हता, उदासीनही नव्हता. त्याच्याजवळ संताप होता, कागद नव्हता. कागदावाचून केलेला संताप म्हणजे कुरकुर. हाती कागद आला की तीच कुरकुर प्रश्न बनते आणि प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. सत्ताधारी हे आपल्यापेक्षा चांगले ओळखून असतात. म्हणून ते कुरकुरीला भीत नाहीत, कागद जाण्याला भितात. पारावर बसून सरकारला खुशाल शिव्या द्या, कोणी अडवणार नाही. मोजमाप पुस्तिका मागा, म्हणजे साहेबांचा स्वर बदलतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या प्रशासनाने शब्दशः अमलात आणली आहे. फरक एवढाच, की मूठ त्यांची आणि सव्वा लाख आपले.

ही झाकली मूठ आपल्याला इंग्रजांनी दिली. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम हा परक्या सरकारने, प्रजेवर विश्वास नसल्यामुळे केलेला कायदा. त्या सरकारच्या दृष्टीने ते सुसंगतच होते. चोराने आपल्या वाटा दाखवाव्यात कशाला? परंतु १९४७ नंतर प्रजेचे नागरिक झाले तरी तो कायदा गेला नाही. २०१९ साली राफेल विमानखरेदीची कागदपत्रे वृत्तपत्रात आली, तेव्हाही सरकारने सर्वोच्च न्यायालयात याच कायद्याकडे बोट दाखवले होते. न्यायालयाने ती हरकत फेटाळली, पण शतकाच्या उंबरठ्यावर आलेले हत्यार अजून म्यानात नाही, एवढे त्यातून दिसले.

या संदर्भात एका समाजवाद्याची आठवण करणे अगत्याचे आहे. राजनारायण यांनी १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा पंतप्रधानांच्या दौऱ्यातील बंदोबस्ताच्या सूचनांची ‘ब्लू बुक’ नावाची पुस्तिका त्यांनी पुराव्यासाठी मागितली. उत्तर प्रदेश सरकार म्हणाले, ती गुप्त आहे. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुस्तिकेबाबतचा निर्णय फेरविचारासाठी उच्च न्यायालयाकडे परत पाठवला गेला खरा, परंतु २४ जानेवारी १९७५ च्या त्या निकालात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी एक मूलभूत विचार मांडला : लोकांच्या वतीने अधिकारपदावरील माणसे जे जे करतात, ते जाणून घेण्याचा लोकांना अधिकार आहे. पुढे माहितीच्या अधिकाराला घटनेच्या एकोणिसाव्या कलमाचा जो आधार मिळाला, त्याच्या मुळाशी हा विचार आहे. पाचच महिन्यांनी देशावर आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण आले आणि तुरुंगात कोण आहे हेसुद्धा छापण्याची चोरी झाली. जाणण्याचा हक्क मान्य करणारे आणि तो चिरडणारे वर्ष एकच, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

पण न्यायालयात उच्चारला गेलेला हक्क खेड्यात पोहोचवला तो राजस्थानातील मजुरांनी. तेथे सरकारी कामावर राबून पुरती मजुरी मिळत नव्हती. हजेरीपट पाहू म्हटले तर ते गुप्त, असे उत्तर मिळे. स्वतःच्या घामाचा हिशेब गुप्त! मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. मिळवलेली कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांची नावे होती ते कामावर गेलेच नव्हते, कोणी गाव सोडून गेले होते, कोणी जगातच नव्हते. जी गोष्ट गावात प्रत्येक जण कुजबुजत होता, तिला त्या दिवशी पुरावा मिळाला. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरले गेले. महाराष्ट्रातही आंदोलनाच्या रेट्यामुळे २००२ चा माहिती अधिकार कायदा झाला आणि अखेर १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा लागू झाला. तीस दिवसांत उत्तर, जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत; विलंबाबद्दल अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड; फाइलच काय, बांधकामाच्या मालाचा नमुनाही मागण्याची तरतूद. स्वतंत्र भारतात सामान्य माणसाच्या हाती आलेले इतके साधे आणि इतके धारदार साधन क्वचितच दुसरे असेल.

तेव्हापासून ते बोथट करण्याचे उद्योग चालू आहेत. २०१९ साली कायदा बदलून माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला; ज्याचा निवाडा करावयाचा त्याच्याच हाती न्यायाधीशाची पगारपत्रिका. आयुक्तांच्या जागा रिकाम्या ठेवावयाच्या, अपिले वर्षानुवर्षे तुंबू द्यावयाची, हा दुसरा उपाय. रस्ता वाहून गेल्यावर त्याची फाइल मिळाली तर ती घेऊन माणसाने करावे काय? मार्च २०२० मध्ये स्थापन झालेला पी. एम. केअर्स निधी पंतप्रधानांच्या पदनामाने देणग्या गोळा करतो आणि हिशेब विचारला की आपण सार्वजनिक प्राधिकरण नाही असे सांगतो. २०१८ मध्ये आलेली निवडणूक रोख्यांची योजना तर गुप्ततेचा कळसच होती. कोणत्या उद्योगपतीने कोणत्या पक्षाला किती दिले, हे मतदाराने जाणू नये यासाठीच ती रचली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. तपशील द्यावयास स्टेट बँकेने ३० जूनपर्यंतची मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक उलटून जाईपर्यंतची. न्यायालयाने खडसावल्यावर तोच तपशील काही दिवसांत बाहेर आला. कागद नव्हता असे नाही. तो द्यावयाचा नव्हता.

आणि आता सर्वांत मोठा घाव. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहितीच्या कायद्यातील आठव्या कलमाचा एक भाग बदलला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारावयाची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणे म्हणजे खाजगी जीवनावर अकारण अतिक्रमण आहे, हे पाहावे लागत असे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे एक उदात्त वाक्यही तेथे होते. ते सारे गेले. आता माहिती वैयक्तिक आहे, एवढे म्हटले की पुरे. सरकारचे म्हणणे असे, की व्यापक सार्वजनिक हिताची तरतूद कायद्यात अन्यत्र कायम आहे. ती आहे, हे खरे. परंतु आधी नकार आणि मग सार्वजनिक हित सिद्ध करण्यासाठी नागरिकाने अपिलांच्या पायऱ्या झिजवणे, हा क्रम काय सांगतो? शिवाय हजेरीपट म्हणजे दुसरे काय असते? नावेच असतात. लाभार्थ्यांची यादी म्हणजे नावे, ठेकेदारांची यादी म्हणजे नावे, मोजमाप तपासून सही करणारा अभियंता हेही एक नावच. कोट किरानाच्या पटावर जी मेलेल्या माणसांची नावे होती, ती आज खाजगी ठरवणे अवघड नाही.

खाजगीपणाचा हक्क आम्हांस प्रिय आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत मानला, याचा आम्हांस आनंदच झाला. परंतु तो हक्क दुबळ्याला बलवानापासून संरक्षण देण्यासाठी आहे. रेशनच्या पाच किलो धान्यासाठी म्हातारीने आपला अंगठा सरकारला द्यावा आणि तिच्या वाट्याचे धान्य कोठे गेले ते मात्र तिने विचारू नये, याला खाजगीपणा म्हणत नाहीत. सरकारपुढे नागरिक पारदर्शक आणि नागरिकापुढे सरकार अपारदर्शक, ही लोकशाहीची उलटी मांडणी होय.

या कायद्याचा गैरवापर होतो, खंडणीसाठी अर्ज केले जातात, हा आक्षेप आपणही प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. गाडीवर पाटी लावून ठेकेदारांकडून हप्ते घेणारी माणसे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खंडणीखोर विकतो काय? आपले मौन. लपवलेल्या कागदालाच काळ्या बाजारात किंमत येते. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कार्यालयांनी आपले अंदाजपत्रक, खर्च आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाचा आहे. तो भिंतीवर लागला, तर खंडणीखोराचा धंदा त्याच दिवशी बसेल. गैरवापराचा बाऊ करणाऱ्यांनी हा उपाय कधी सुचवल्याचे आम्हांस आठवत नाही.

अधिक गंभीर गोष्ट दुसरीच आहे. हा हक्क आपण एकेकट्या नागरिकाच्या खांद्यावर टाकून दिला. जमिनीचे व्यवहार उघडकीस आणणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी, सकाळी फिरायला गेले असता, खून झाला. ते एकटे अर्ज करीत होते, एकटे फिरत होते, म्हणून एकटे गाठता आले. कोट किराना येथे कागद अख्ख्या गावाने ऐकला, तेव्हा कोणा एकाला मारून तो पुसता येण्यासारखा नव्हता. माहिती मिळवणे हे व्यक्तीचे काम असू शकेल. ती पेलणे हे संघटनेचे काम आहे. आणि येथेच आपण, राजकीय कार्यकर्ते, कमी पडलो. अर्ज करणाऱ्याला आपण ‘एकांडा शिलेदार’ म्हणून मनातल्या मनात हसलो.

आपण कमी पडलो याचे आणखीही एक कारण आहे आणि ते सांगताना मान खाली जाते. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष हे माहितीच्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण आहेत, असा निर्णय दिला. त्या सहांत उजवे होते, मध्यममार्गी होते आणि डावेही होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या पक्षांपैकी एकानेही तो आदेश पाळला नाही. आपला पक्ष त्या यादीत नव्हता; आपण लहान आहोत. पण लहान असणे हा काही सद्गुण नव्हे. आपल्या शाखेचा जमाखर्च शेवटचा कधी आणि कोणी जाहीर वाचून दाखवला, हे प्रत्येक साथीने स्वतःला विचारून पाहावे. तहसीलदाराची मूठ उघडायला निघालेल्या हाताची स्वतःची मूठ झाकलेली चालणार नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक शाखेने आपला वर्षाचा जमाखर्च, देणगीदारांच्या नावांसह, कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावा, हे आधी. त्यानंतर एक वही ठेवावी आणि वस्तीतल्या माणसांची कुरकुर, ती कितीही किरकोळ वाटो, तीत तारीखवार लिहावी. महिन्याकाठी त्यांतली एक निवडून तिच्यामागचा कागद मागावा. अर्ज एकाच्या नावाने न करता दहा जणांनी करावा. उत्तर आले की ते चौकात, ग्रामसभेत, पाणवठ्यावर वाचून दाखवावे. नाही आले तर नाही आल्याचेही वाचून दाखवावे. नकारात ‘वैयक्तिक माहिती’ हे शब्द असतील तर कोणाची आणि कसली, हे लोकांसमोर विचारावे. आठव्या कलमातील नवा बदल रद्द करण्याची मागणी अशा नकारांच्या गठ्ठ्यासह पुढे केली, तर ती पोकळ राहणार नाही.

ही कामे मोठ्या सभांसारखी डोळ्यांत भरणारी नाहीत. त्यांत खेटे आहेत, पोस्टाच्या पावत्या आहेत, लिपिकाचे ‘उद्या या’ आहे. पण ज्या माणसाला आपण उद्याच्या समाजाचे चित्र दाखवू इच्छितो, त्याचा आजचा दिवस याच ‘उद्या या’ने खाल्ला आहे. त्याच्याबरोबर त्या खिडकीपाशी उभे राहिल्यावाचून तो आपले ऐकणार नाही, आणि त्याने का ऐकावे? या अंकाच्या पुढील महिन्यापासून शाखांनी मागितलेले कागद, मिळालेली उत्तरे आणि मिळालेले नकार छापण्यासाठी आम्ही एक पान राखून ठेवीत आहोत. पहिल्या पानावर आमच्या साप्ताहिकाचा स्वतःचा जमाखर्च असेल.